तिसऱ्या ठाण्यावरचे ठोके

यास्ना अरान्सिबिया त्या मंगळवारी कामावर आली तेव्हा तिच्या डोक्यात एकच काम होतं. तिसऱ्या ठाण्यावरच्या दुसऱ्या पंपाचं बेअरिंग आज बदलून घ्यायचं. आन्तोफागास्ता शहरातल्या एका इमारतीच्या आठव्या मजल्यावर तिची खुर्ची होती. तिथे बसून ती समुद्राचं पाणी वाळवंटातून वर खाणीपर्यंत चढवणाऱ्या बावीस पंपांवर नजर ठेवायची. प्रत्येक पंपाला थरथर मोजणारे सेन्सर चिकटवलेले होते. कुठला पंप किती दिवसांत बिघडेल हे यंत्रणा आधीच सांगायची आणि यास्ना तिकडे माणसं धाडायची. ऐकणाऱ्याला हे फार मोठं शास्त्र वाटतं. खरं म्हणजे निम्मा दिवस, यंत्रणा उगाच बोंबलली की तिला गप्प करण्यात जायचा.

आज ठाण्यावर गेला होता तिचा धाकटा भाऊ एलिसेओ, आणि त्याच्या जोडीला म्हातारा रामिरो. एलिसेओला नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता. यास्नानेच साहेबांकडे शब्द टाकला होता. आई म्हणाली होती, "त्याची जबाबदारी तुझी हं." यास्नाने हसून मान डोलावली होती.

कामाची रीत ठरलेली होती. पंप बंद करायचा, स्विचला आपल्या नावाचं कुलूप लावायचं आणि मग पंपाच्या पोटातल्या लोखंडी खोलीत उतरायचं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. ते निघालं की शंभर किलोमीटरवरून यास्ना पंप सुरू करायची आणि पाणी त्या खोलीत असं धडकायचं की आत कोणी राहिला असेल तर त्याची धडगत नाही. खोलीत रेडिओ लागत नसे, म्हणून जुनी माणसं आतून भिंतीवर तीन ठोके द्यायची. मी आत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हे तिला ठाण्यावरचे सर्वांत जुने कामगार नोल्बेर्तो काका यांनी शिकवलं होतं. पंप कसा ऐकायचा, तेही त्यांनीच शिकवलं. फेब्रुवारीत काका याच दुसऱ्या पंपाच्या खोलीत वारले. जोडीदार गाडी घेऊन सामान आणायला गेला होता. परतला तेव्हा काका आत निपचित पडले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, क्षणात गेले, त्रास झाला नसेल. त्या शेवटच्या तीन शब्दांवर यास्ना चार महिने झोपली होती.

काकांचं कुलूप मात्र स्विचवरच राहिलं होतं. ते तोडायचं तर अर्ज भरावा लागतो, आणि त्यात एक चौकोन असतो: 'कुलुपाच्या मालकाशी बोललो, तो यंत्राबाहेर आहे.' तिथे खूण केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. तिचे साहेब बोर्केस म्हणाले होते, "अगं, गेलेल्या माणसाला काय विचारणार? कर खूण आणि हो मोकळी." तिने केली. मोकळी काही झाली नाही.

सव्वाअकराला रेडिओ खरखरला.

"ताई, झालं बघ काम. आलो बाहेर. कुलूप काढलं. दे चालू करून."

"धुकं आहे का रे तिकडे?"

"आहे म्हणजे? रामिरोचं नाक दिसत नाहीये. त्याचं नाक दिसत नाही म्हणजे बघ!"

मागून रामिरोची शिवी ऐकू आली. यास्ना हसली आणि तिने पंपाच्या थरथरीची कच्ची नोंद उघडली. नव्या बेअरिंगनंतर ती एकदा पाहावीच लागते. एरवी नोंद असे ठोके गाळून येते, कारण पान्याच्या प्रत्येक ठोक्याला यंत्रणा भोंगा वाजवायची. त्या कटकटीला कंटाळून जानेवारीत गाळणी बसवून घेतली होती ती यास्नानेच.

पडद्यावरची रेघ सपाट होती. मग तीन सुळके उठले. थोडं अंतर. पुन्हा तीन.

तिने रेडिओ तोंडाशी ओढला.

"एलिसेओ, पंपावर कोण ठोकतंय?"

तिने पुन्हा हाक मारली.

"एलिसेओ..."

बोर्केस मागे येऊन उभे राहिले. "काय झालं? खाणीवरून दोनदा फोन आला. कुलूप निघालंय ना? मग चालू कर."

"साहेब, आत कोणीतरी आहे."

"तो बाहेर आलाय, मी स्वतः ऐकलं. यास्ना, खुळ्यासारखं करू नकोस. लाव."

तिचा हात बटणावर होता. तिने तो उचलून मांडीखाली दाबून धरला. शाळकरी पोरीसारखं दिसत असेल, पण तिला आता स्वतःच्या हाताचा भरवसा वाटत नव्हता.

"मी नाही लावणार."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बटणाला हात लावला नाही. तीन ठोके. अंतर. तीन ठोके. शेवटी रेडिओवर रामिरोचा धापा टाकणारा आवाज आला.

"थांब गं पोरी! लावू नकोस! हा गाढव पुन्हा आत गेलाय. पाना विसरला म्हणे. रेडिओ इथे पायरीवर टाकून गेला. मी गाडीत वही भरत होतो..."

यास्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन मिनिटांनी एलिसेओ बाहेर आला, तेव्हा तिने त्याला आईपासून सुरुवात करून जे जे सुचलं ते सगळं ऐकवलं. अखेर ती म्हणाली, "तरी नशीब, ठोके दिलेस."

"कुठले ठोके?"

"भिंतीवर. तीन-तीन."

"मी कशाने ठोकणार, ताई? पानाच तर शोधत होतो. अजून सापडला नाही तो."

"मग आत काही ऐकलंस?"

"काहीच नाही. आत... थंड होतं फार. इतकं थंड नसतं ना?"

तिने पडद्याकडे पाहिलं. तीन ठोके. अंतर. तीन ठोके.

"रामिरो काका, तुम्ही दोघंही बाहेर आहात?"

"दोघंही गाडीपाशी आहोत. का गं?"

"आत बॅटरी मारून बघा."

रामिरो जाऊन बघून आला. "कोणी नाही," रामिरो म्हणाला. तो पुढे बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "पोरी, तू काय बघतेयस तिकडे?"

"रेडिओ त्या खोलीच्या तोंडाशी धरा," ती म्हणाली. मग चार महिन्यांपूर्वी जे विचारायला हवं होतं ते तिने विचारलं. "नोल्बेर्तो काका... तुम्ही बाहेर आहात का?"

ठोके थांबले नाहीत. अंतर मात्र वाढू लागलं. सुळके बुटके होऊ लागले. तिसरा ठोका कधी पडायचा, कधी नाही. हा हात थकत चालला होता, हे सांगायला तिला यंत्रणेची गरज नव्हती.

तेव्हा तिने पडद्यावर फेब्रुवारीतल्या त्या दिवसाची नोंद शोधली. गाळलेली नोंद तिने तेव्हाच पाहिली होती. ती सपाट होती. कच्ची नोंद तिने कधी उघडली नव्हती. उघडण्याची छाती झाली नव्हती, हे आज तिने स्वतःशी कबूल केलं. तिने ती उघडली आणि आजच्या रेघेखाली लावली.

सुळक्याखाली सुळका बसत गेला. तेच अंतर, तोच सुटलेला तिसरा ठोका. क्षणात गेलेल्या माणसाने एकोणीस मिनिटं भिंत ठोकली होती, आणि ती इथे, याच खुर्चीत, चहात पाव बुडवून खात होती.

"काका, मला माफ करा," ती मोठ्याने म्हणाली. आठव्या मजल्यावरच्या त्या खोलीतल्या कोणीही वर पाहिलं नाही.

एकोणिसाव्या मिनिटाला खालच्या रेघेवर एकच बारीक सुळका उठला. त्याच्या पुढे फेब्रुवारीची रेघ सपाट होती, शेवटपर्यंत. वरच्या रेघेवरही तसाच सुळका उठला आणि ती रेघही सपाट झाली. यास्नाने डोळे मिटले. रेडिओवर रामिरो पुटपुटत प्रार्थना म्हणत होता.

तिने डोळे उघडले तेव्हा विसावं मिनिट लागलं होतं. वरच्या रेघेवर ठोके पुन्हा सुरू झाले होते. पहिल्यापेक्षा जोराचे आणि घाईघाईचे. कोणीतरी ऐकतंय, हे आता आतल्याला कळलं होतं.