एका गिटारवर दोघं

"ती गिटार कुणाला तरी देऊन टाक. डोळ्यांसमोर नको मला," एवढं बोलून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि चहाचा कप घेऊन आलेली त्याची बायको जागच्या जागी थिजली...

अर्धांगाच्या झटक्यानं त्याचा डावा हात लुळा पडला होता. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत तो वर्षानुवर्षं गावोगाव हिंडला, तेव्हा शाळेचे गणवेश शिवून, लेकीला वाढवून घर सावरलं ते तिनंच. लग्नाआधी तीही गायची. एकदा भीत भीत म्हणाली होती, "मलाही शिकवा ना थोडी गिटार." तो हसला होता. "अगं, हे तुझं काम नव्हे." त्या हसण्याचा व्रण तिनं अंतःकरणाच्या तळाशी दडवला. पुढे मशीनच्या खडखडाटात तिचं गुणगुणणंही कधी विरून गेलं, ते तिलासुद्धा कळलं नाही...

तिनं गिटार दिली नाही. मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांआड ठेवून दिली. ती सुट्टीला आलेल्या लेकीच्या नजरेस पडली.

"आई, जी, डी, ई मायनर आणि सी. एवढ्या चार कॉर्ड बसल्या की रेडिओवरची कितीतरी गाणी येतात. बस इकडे."

"या वयात? लोक हसतील गं."

"हसू देत. बोट असं ठेव."

लेक परत गेली, पण आईनं शिकणं सोडलं नाही. दुपारी तो झोपला की दार लोटून ती बसायची. बोटांची टोकं हुळहुळायची, 'जी'वरून 'डी'वर जाताना गाणं अडखळायचं, तरी मनात एक अनामिक प्रसन्नता दाटून यायची. एक आवडतं जुनं गाणं निम्म्यापर्यंत जमलं, त्या दिवशी ती स्वतःशीच खुदकन हसली.

आणि दार उघडलं. काठी टेकत तो उभा होता.

"देऊन टाक म्हटलं होतं ना?"

"उभ्या संसारात तुमचा एवढाच शब्द मोडला मी..."

तो काठी टेकत आत आला. मग हळूच म्हणाला, "तूही एकदाच काहीतरी मागितलं होतंस. मी हसण्यावारी नेलं."

"आठवतंय तुम्हाला?"

"दिवसभर भिंतीकडे बघत दुसरं काय आठवणार..." त्यानं मान खाली घातली. "चुकलं माझं. फार चुकलं."

तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. तो तिच्या उजवीकडे येऊन बसला. "सी लावताना पहिलं बोट आडवं पडतंय तुझं, सगळ्यात खालची तार मुकी होते. बोट उभं ठेव... आण ती इकडे."

गिटार त्याच्या मांडीवर आली, गिटारची मान बायकोच्या पुढ्यात. तारा तिनं दाबल्या आणि त्याचा उजवा हात त्यांवरून फिरला. घरात किती दिवसांनी सूर घुमला...

"आता गा," तो म्हणाला.

ती गाऊ लागली. आवाज कापत होता, बोटं मागे पडत होती. रंगमंचावर कुणासाठीही न थांबणारा तो, दर कॉर्डला हात तारांवर अधांतरी धरून, तिचं बोट जागेवर बसेपर्यंत थांबत होता.