धाकटीचं घर

वाघोलीतल्या त्या सोसायटीची लिफ्ट नेमकी त्याच दिवशी बंद होती. पाठीवर गादी आणि डोक्यात राग घेऊन सत्यशीला चार मजले चढून आली. राग लिफ्टचा नव्हता, समाधान दाजींचा होता. धंदा बसला म्हणून ते निकिताताईला घेऊन विश्रांतवाडीच्या घरी 'थोडे दिवस' राहायला आले आणि बघता बघता आईची खोली त्यांची झाली. आई हॉलमधल्या दिवाणावर आली. टीव्हीसुद्धा दाजींना विचारून लागायला लागला. सत्यशीला भांड भांड भांडली आणि शेवटी बॅग भरून बाहेर पडली. इथे रिदा नावाच्या मुलीच्या फ्लॅटमध्ये तिला एक खोली भाड्याने मिळाली होती.

दार उघडलं ते विस्कटलेल्या केसांच्या एका मुलाने.

"रिदा कुठेय?" तिने दरडावून विचारलं.

"रिदा माझी बहीण. मी बानशान. आम्ही शिलाँगचे. आणि तू... गादी?"

"गादी पाठीवर आहे. मी सत्यशीला."

तो हसला. गादी उतरवून घेतली आणि तिच्या हातावर पानात गुंडाळलेली सुपारी ठेवली. "क्वाय. घरी कोणी आलं की आमच्याकडे आधी हे."

तिने चावली मात्र, कान तापले, कपाळावर घाम आला, आणि ती होती तिथेच गादीवर बसली.

"काय घातलंयस रे यात?"

"ओली सुपारी, पान, चुना. पहिल्यांदा गरम होतं. पण तुझे कान आधीच लाल होते..."

कॉलेजपासून पुण्यातच असल्यामुळे त्याचं मराठी खणखणीत होतं. चुकलं तरी खणखणीत. मग भांडणंही मराठीतच सुरू झाली. रिदा आंबवलेलं सोयाबीन शिजवायची, त्या वासाने सत्यशीला खिडक्या आपटायची. पण सत्यशीलाने सुकट भाजली, त्या दिवशी ताट घेऊन सगळ्यांत आधी बानशान येऊन बसला. भांडता भांडता तो तिच्याकडे नुसताच बघत राहायचा... आणि ती पुढचं वाक्य विसरायची.

एका रविवारी बाल्कनीत कपडे वाळत घालताना तो म्हणाला, "सत्या... तू मला आवडतेस."

चिमटा तिच्या हातातच राहिला. "माहितीये," ती पुटपुटली.

"मग लग्न झालं की मी विश्रांतवाडीला राहायला येईन. तुझ्या आईकडे. तू धाकटी ना?"

झालं! सगळं मुसळ केरात.

"तू पण?" ती किंचाळलीच. "आईकडे आता स्वयंपाकाचा ओटा तेवढा उरलाय, त्यावर झोपणार आहेस? एक घरजावई पुरे झाला आम्हाला!"

ओला टॉवेल त्याच्या अंगावर भिरकावून तिने खोलीचं दार लावून घेतलं. त्यानंतर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. हाही तसलाच निघाला, हे तिला सहन होत नव्हतं.

शेवटी एका सकाळी तिचं दार वाजलं. दारात बानशान उभा होता आणि आज चिडलेला तो होता.

"त्या माणसाशी माझी बरोबरी करू नकोस," तो म्हणाला. "आमच्याकडे नवराच बायकोच्या आईकडे जातो. माझे बाबा तसेच गेले. घर आईचं, तिच्यानंतर धाकट्या मुलीचं. बाबा अजून आजीसमोर आवाज चढवत नाहीत. तिची खोली कोणी घ्यायची? कोणाची हिंमत आहे?"

"ते तुमच्याकडे."

"हो, आमच्याकडे! आणि आमच्याकडे धाकटी मुलगी आईला सोडून निघून पण येत नाही. तू इथे का आलीस, सत्या?"

हे मात्र तिला वर्मी लागलं. ती इथे फुरंगटून बसली होती आणि आई तिथे दिवाणावर अंग दुमडून झोपत होती.

"गाडी काढ," ती म्हणाली.

विश्रांतवाडीच्या घरी दाजी दिवाणावर पाय पसरून क्रिकेट बघत होते. आई खाली बसून मेथी निवडत होती.

"दाजी, आईची खोली रिकामी करा. आजच."

दाजींनी आधी तिच्याकडे, मग दाराकडे पाहिलं. "हा कोण? हाही राहायला येणार वाटतं?"

"हो, येणार!" तिचा आवाज चिरकला. "माझं प्रेम आहे त्याच्यावर. पण आईने बोलावलं तर येणार. तुम्हाला कोणी बोलावलं होतं?"

बानशान बूट काढून उंबऱ्याबाहेर उभा होता, मान खाली घालून.

"आत का येत नाही गं हा?" आईने विचारलं.

"तू ये म्हणाली नाहीस म्हणून."

आईच्या हातातली मेथी हातातच राहिली. या घरात कोणी यायचं नि कोणी नाही, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिने पदराला हात पुसले.

"समाधानराव," ती शांतपणे म्हणाली, "पलंग तुम्ही हलवता, का या मुलाला सांगू?"

दाजी टीव्ही बंद करून उठले.

"ये रे बाळा, आत ये," आई म्हणाली. तेव्हा कुठे बानशानने उंबरा ओलांडला. सत्यशीलाला रडू फुटलं, आणि तेही दाजींच्या देखत फुटलं म्हणून तिला स्वतःचाच भयंकर राग आला.