बाजूला ठेवलेले शब्द

"भातावर आंबट पिळ जरा."

होडीचा तोल सांभाळायला बाजूला एक लाकूड बांधतात. कोकणात त्याला उलांडी म्हणतात.

शंभरातले एकेचाळीस.

चटईखाली झाकून ठेवलेला यंत्रमानव.

लुआ म्हणजे दोन. शेजारच्या बेटावर रुआ म्हणजे दोन.

"माझ्यासाठी कुणी साधा खेकडासुद्धा सोडला नाही!"

(आफुला आणि तिकेरे ही बेटं नकाशात शोधू नका. ती या गोष्टीपुरती आहेत. शब्द बाजूला ठेवण्याची रीत मात्र पॉलिनेशियात, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या एका मोठ्या समूहात, काही ठिकाणी खरोखरच होती.)

कोडं

केतकी सुट्टीत नानांबरोबर आफुलाला आली होती. नाना म्हणजे तिच्या आईचे वडील. ते भाषाशास्त्रज्ञ (भाषा कशा तयार होतात आणि कशा बदलतात याचा अभ्यास करणारे) होते. आफुला हे एवढंसं बेट. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाचा माणूस ओ देईल.

नानांनी बरोबर टिटवीलाही आणलं होतं. टिटवी हा यंत्रमानव. दोन काटकुळे पाय, गोल डोकं आणि पाठीवर सौरपट्टी (उन्हापासून वीज तयार करणारी पट्टी). दिवसभर ती गावात तुरुतुरु फिरायची. याला काय म्हणता, त्याला काय म्हणता, असं विचारायची आणि शब्द गोळा करायची. पाऊस, मासा, वाट, फणसासारखं दिसणारं ते फळ, ओहोटीचा चिखल.

"रोजचे शब्द सहसा टिकून राहतात," नानांनी केतकीला सांगितलं. "हात, पाणी, आकाश, दोन. म्हणून दोन भाषांतले असे शंभर शब्द शेजारी शेजारी मांडायचे. जितके जास्त जुळतील तितकं नातं जवळचं."

"सख्ख्या बहिणी, चुलत बहिणी, असं?"

"अगदी तसंच. त्यांना भगिनीभाषा (एकाच जुन्या भाषेपासून निघालेल्या भाषा) म्हणतात."

शेजारचं बेट तिकेरे. स्वच्छ सकाळी ते इथून पुसट रेघेसारखं दिसे. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या लग्नाला जात. भाषा अगदी सख्ख्या असायला हव्या होत्या. पण टिटवीने शब्द मांडले तेव्हा शंभरातले एकेचाळीसच जुळले.

"निष्कर्ष," टिटवी म्हणाली. "नातं दूरचं. आफुलाचे लोक दुसरीकडून कुठून तरी आले असावेत."

"शाब्बास, टिटवी!" नाना म्हणाले.

"आभारी आहे," टिटवी म्हणाली.

शाब्बास कुणाची

नानांची शाब्बास आजवर फक्त केतकीची होती. ती चालायला लागली तेव्हापासूनची. नानांच्या मांडीवर बसून तिने शब्द जमवले होते. आणि आता हे काटकुळ्या पायांचं यंत्र येऊन ती घेऊन चाललं होतं, तेही 'आभारी आहे' म्हणून!

"नाना, टिटवीची यादी चुकलीय," ती म्हणाली. "लाटेला इथे नालु म्हणतात. मालामाने मला शिकवलंय."

"तूआ म्हणतात," टिटवी म्हणाली. "माझ्याकडेही आधी नालु होतं. काल सगळ्या गावाने तूआ सांगितलं. म्हणून मी आधीची नोंद चूक धरली आणि पुसली."

"पण मी ऐकलं होतं!"

"मीही ऐकलं होतं. दोघींचं ऐकणं चुकलं असणार."

"बघ केतके," नाना हसत म्हणाले, "चूक कशी पटकन मान्य करावी, हे शिक तिच्याकडून."

हे मात्र फार झालं. नाना आत गेले. टिटवी ऊन खात अंगणात उभी होती. केतकीने माडाच्या झावळ्यांची मोठी चटई उचलली आणि तिच्यावर टाकली. पुरती, पायापर्यंत.

"अंधार झाला," चटईतून आवाज आला. हळूहळू तोही बंद पडला.

खेकडासुद्धा नाही

मालामा केतकीच्याच वयाची. तिच्या घरीच नानांचा मुक्काम होता. दोघी शाळेतल्या इंग्रजीत बोलत. अडलं की हातवारे होतेच.

केतकी किनाऱ्यावर गेली तेव्हा मालामा होडीत गाठोडं ठेवत होती. उलांडीची दोरी तिने इतकी करकचून आवळली होती की लाकूड कुरकुरत होतं.

"कुठे चाललीस?"

"तिकेरेला. आत्याकडे. भरती आली की निघणार. परत नाही येणार."

"अगं पण का?"

"भावासाठी नालु सोडला त्यांनी. तुला कळतंय का? नालु!" मालामाने समुद्राकडे हात केला. "एवढा सगळा!"

मग तिने सांगितलं. आईला परवा मुलगा झाला. म्हाताऱ्यांनी त्याचं नाव नालु ठेवलं, म्हणजे लाट. आफुलाची रीत अशी, की एखाद्या मुलाची घराने फार वाट पाहिली असेल, तर त्याचं नाव ज्या शब्दावरून ठेवलं तो शब्द सगळं गाव सोडून देतं. आता तो शब्द त्या मुलाचा. लाटेला गाव दुसरा शब्द शोधतं. सगळ्यांच्याच मुलांसाठी असं करत नाहीत. कोणासाठी करायचं ते म्हातारे ठरवतात.

"आणि तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी कुणी साधा खेकडासुद्धा सोडला नाही! खेकडा अजून खेकडा आहे. चिखल चिखल आहे. मालामा या नावाला अर्थच नाही, नुसता आवाज आहे. पक्ष्याला हाकलताना करतात तसला."

"आईला विचारलंस?"

"असं विचारत नाहीत. आणि विचारलं तरी कुणी सांगत नाही. एकदा दिलं की बोलून दाखवायचं नसतं." तिने डोळे पुसले. "तुझं बरं आहे. तुला भाऊ नाही."

"मला टिटवी आहे," केतकी म्हणाली.

दोघी होडीच्या कडेला टेकून बसल्या. मत्सर करणारं माणूस शेजारी असलं की जरा बरं वाटतं. पण भरती थांबत नव्हती.

आंबट

दुपारी नाना जेवायला बसले.

"केतके, भातावर आंबट पिळ जरा."

"लिंबू म्हणा ना, नाना. टिटवीने ऐकलं असतं तर यादीत आंबट लिहून ठेवलं असतं."

"आमच्याकडे लिंबाला आंबटच म्हणतात. माझ्या आजीपासून."

"का?"

"माझ्या आजोबांचं नाव लिंबाजी. तेव्हा बायका नवऱ्याचं नाव तोंडात आणत नसत. मग लिंबू तरी कशी म्हणणार? ती आंबट म्हणायची. तिचं ऐकून मुलं म्हणायला लागली, मग सुना, मग…"

नानांचा हात भातावरच थांबला.

केतकीच्या हातातली लिंबाची फोडही थांबली. मग तिने मालामाकडून ऐकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"अरे देवा!" नाना म्हणाले. "आणि मी आयुष्यभर आंबट पिळतोय! आपण गावाला विचारलं, याला काय म्हणता? त्यांनी खरंच सांगितलं, आज जे म्हणतात ते. आधी काय म्हणत होता, हे आपण विचारलंच नाही."

"म्हणजे एकोणसाठ शब्द जुळत नाहीत, ते नातं दूरचं आहे म्हणून नाही?"

"शब्द आपोआप बदलतात तेव्हा फार काळ लागतो. म्हणून न जुळणाऱ्या शब्दांवरून आपण काळ मोजतो. पण माणसांनी हाताने उचलून शब्द बाजूला ठेवले, तर काळ न जाताच आकडा घसरतो. आपलं घड्याळ फसलं."

"मग खरं नातं कसं कळणार? जुने शब्द तर कुणी बोलणार नाही."

"बोलायला लावायचंही नाही. त्यांनी दिलेलं आहे ते. पण दुसरी वाट आहे. तिकेरेचे सगळे शब्द टिटवीकडे आहेत. टिटवी कुठाय?"

केतकीचे कान लाल झाले.

चटईखाली

चटई निघाली. ऊन पडलं. बऱ्याच वेळाने टिटवीचे डोळे पुन्हा उजळले.

"मी अंधारात होते."

"हो."

"चटई कुणी टाकली?"

"मी."

"नोंद करू?"

"कर," केतकी म्हणाली. नानांनी तिच्याकडे बघितलं, आणि ते ओरड्यापेक्षा वाईट होतं.

मग त्यांनी टिटवीला लिंबाची आणि बाळाच्या नावाची गोष्ट सांगितली.

"आता जे एकेचाळीस जुळतात, त्यातले काही दाखव," नाना टिटवीला म्हणाले. "तिकेरेचा आधी, आफुलाचा नंतर."

रुआ, लुआ. म्हणजे दोन.
रांगी, लांगी. म्हणजे आकाश.
आरा, आला. म्हणजे वाट.

"तिकडे र आहे तिथे इकडे ल आहे," केतकी म्हणाली. "कायम?"

"एकदाही चुकत नाही," टिटवी म्हणाली.

"याला ध्वनिनियम (एका भाषेतल्या आवाजाच्या जागी दुसरीत ठरावीक आवाज येणं) म्हणतात," नाना म्हणाले. "उसने घेतलेले किंवा योगायोगाने सारखे दिसणारे शब्द इतक्या शिस्तीत वागत नाहीत. सख्ख्या बहिणींचेच शब्द असे वागतात. आणि नियम हाती लागला की हरवलेला शब्द न ऐकताही सांगता येतो. टिटवी, तिकेरेत लाटेला काय म्हणतात?"

"नारु."

"र चा ल कर, केतके."

"नालु!"

"माझी दुरुस्ती चूक होती," टिटवी म्हणाली. "बरोबर नोंद मी पुसली. ती फक्त केतकीकडे राहिली." मग तिने गोल डोकं नानांकडे वळवलं. "लिंबाचं मला सुचलं नसतं. मला आजी नाही."

टिटवीलाही कधी हेवा वाटत असेल, हे केतकीच्या आजवर मनात आलं नव्हतं. ते तिला फारसं आवडलंही नाही. मनातल्या मनात कुणाला झाकून टाकणं त्यामुळे अवघड होतं.

"पुढे वाच," ती म्हणाली. "न जुळणारे."

"चंद्र. आफुलात तेआ, म्हणजे पांढरा. तिकेरेत मारामा."

(वाचणाऱ्याने इथे थांबावं. मारामा. र चा ल करावा.)

केतकी उठली. भात तसाच टाकून ती किनाऱ्याकडे पळत सुटली.

वाळू

होडी पाण्यात होती. मालामा कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती धरून होती. तिची आई वर माडाखाली बाळाला घेऊन उभी होती. भरतीचं पाणी वर चढत होतं.

"एक मिनिट ये!" केतकी ओरडली.

"भरती जाईल."

"एकच मिनिट! मग हवी तिथे जा!"

मालामा होडी ओढत काठाला आली. धापा टाकत केतकीने ओल्या वाळूत काडीने इंग्रजी अक्षरांत लिहायला सुरुवात केली. मोठ्याने ती काहीच वाचत नव्हती. बेटावर जे बोलायचं नाही ते तिला बोलायचं नव्हतं.

रुआ, लुआ.
रांगी, लांगी.
आरा, आला.
मारामा,

शेवटची जागा तिने मोकळी ठेवली आणि काडी पुढे केली.

"हे कसलं कोडं?" मालामा चिडून म्हणाली. "मारामा तिकेरेचा शब्द आहे. आत्या म्हणते. त्याचा अर्थ…" तिने वर पाहिलं. दुपारच्या आकाशात चंद्राची फिकट फोड होती. "इथे तेआ म्हणतात."

"तेआ कधीपासून म्हणतात?"

"कायमच. मी लहान होते तेव्हापास…"

ती काडीकडे बघत राहिली. मग पहिल्या ओळीकडे. मग दुसऱ्या. तिचं बोट र वरून ल वर गेलं, पुन्हा र वरून ल वर. मोकळ्या जागेत तिने म काढला आणि थांबली.

पूर्ण लिहायची गरज नव्हती. ते तिचं नाव होतं.

मालामाने माडाखाली उभ्या आईकडे पाहिलं. आई हसली नाही, मानही हलवली नाही, कारण दिलेलं बोलून दाखवायचं नसतं. तिने फक्त बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मोकळा झालेला हात लांब केला.

"चंद्र," मालामा पुटपुटली. "आख्खा?"

"आख्खा. खेकड्यापेक्षा मोठा आहे," केतकी म्हणाली.

मालामाने तिला पाण्यात ढकललं.

नंतर

होडी संध्याकाळी वर ओढली गेली. गाठोडं घरात गेलं.

नाना आणि टिटवी आता नवी यादी करायला बसले होते. एका शब्दासमोर दोन घरं: आज म्हणतात तो, आणि नियमाने निघतो तो. दुसरं घर टिटवी फक्त पडद्यावर दाखवणार होती. बोलणार नव्हती. असं काही पुसणारही नव्हती.

"हे जुळलं तर दोन्ही बेटांचं नातं किती जवळचं ते नीट मोजता येईल," नाना म्हणाले. "आणि नुसत्या या बेटांचं नाही. जगात आणखी कुठे घड्याळं अशी फसली असतील, तेही शोधता येईल."

"एकोणसाठ शब्द," केतकी म्हणाली. "म्हणजे कुणाची तरी एकोणसाठ वेळा इतकी वाट पाहिली?"

"सगळेच तसे नसतील. काही आपोआप बदलले असतील. कोणते कसे, ते शोधायला तुम्ही दोघी लागणार मला. शाब्बास!"

त्या शाब्बासमध्ये टिटवीचाही वाटा होता. केतकीला तो जरा मोठाच वाटला. पण तिने टिटवीला उचलून उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन ठेवलं.

आणि नालुचा जन्म झाला त्या सकाळी, म्हणजे रुसून गाठोडं बांधण्याच्या आधी, लाटेला सगळ्यांत आधी तूआ म्हणणारी मालामाच होती.