निळ्या बटणांची मागणी

"याच्यासारखं एक बटण मिळेल?"

मी मान वर केली. दारात एक उंच मुलगा उभा होता. बाहेर पावसाची भुरभुर, केसांवर बारीक थेंब, आणि दोन्ही हात माझ्यापुढे केलेले. डाव्या बाहीला निळं बटण होतं. उजव्या बाहीला चक्क टाचणी!

"एकच?" मी विचारलं.

"एकच तुटलंय."

बटणांचे खण धुंडाळणं हे माझं आवडतं काम. तिसऱ्या खणात जोडीदार सापडला. मी ते बटण त्याच्या बाहीशी धरून पाहिलं, आणि तो बटणाकडे न बघता माझ्याकडे बघत होता... हे मला न बघताच कळलं.

"फोन नंबर?" बिल करताना मी म्हटलं.

"बटणासाठी?"

"मला नकोय हो! आमच्या आत्याने कुणा डेटावाल्यांना बोलावलंय. प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर घ्या, दारावर येणारी-जाणारी माणसं मोजायचा कॅमेरा लावा... गिऱ्हाइकं म्हणजे काय मेंढरं आहेत?"

तो खोकला. "नंबर... राहू द्या," म्हणाला आणि बटण खिशात टाकून भुरभुरीत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या ऑफिसात सगळ्या शाखांची बैठक होती. आमचा घरचा कापडाचा धंदा आत्या चालवते. बाबा हिशेब बघतात आणि तिला घाबरतात. मी बटणं, झिपा, अस्तर आणि लेसचं छोटं दुकान सांभाळते. घरात आणि ऑफिसात मला सगळे टाचणी म्हणतात, कारण मी बारीक आहे आणि टोचते. तर मी खुर्चीवर बसले, पडद्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं आणि जीभ चावली. कालचा बटणवाला!

"नमस्कार," तो माझ्याकडे बघत गोड हसून म्हणाला, "मेंढरं मोजणारा मीच."

आत्याने तिचा बेत सांगितला. नव्या शाखेसाठी बाजूला ठेवलेले पैसे ती या बिग डेटात घालायच्या विचारात होती. कुठला माल कुठे खपतो, कोण कधी येतं, पुढच्या हंगामात काय मागवायचं, हे सगळं आता अंदाजाने नाही, माहितीवरून ठरणार. आधी हंगामभर चाचणी. पटली तर गुंतवणूक.

"आणि जी शाखा सगळ्यात कच्ची निघेल," आत्या म्हणाली, "ती बंद."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ते दुकान मी शिक्षण संपल्यावर हट्टाने उघडलं होतं. प्रत्येक खण रंगाप्रमाणे मी लावला होता. ज्याच्या बाहीला काल मी बटण जुळवून दिलं, तोच माझ्या दुकानाचा निकाल लावणार होता!

संध्याकाळी स्वारी पुन्हा हजर.

"कॅमेरा तपासायला आलो होतो."

"तपासलात?"

"तपासला. आता... एक निळं बटण द्या. जादा असलेलं बरं."

"नंबर?"

"राहू द्या ना."

मग ते रोजचंच झालं. कधी कॅमेरा तिरका असायचा, कधी बिलाच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी 'बघायचं' असायचं. काही असो-नसो, जाताना एक निळं बटण असायचंच. मी त्याला आकडेमोडे म्हणायला लागले.

"एवढ्या बटणांचं करता काय हो, आकडेमोडे?"

"आमच्या धंद्यात जेवढं जमवाल तेवढं थोडं."

"आणि जमवलेल्यातून काय कळतं?"

"की माणूस बोलतो एक आणि करतो भलतंच." तो काउंटरवर कोपरं टेकून म्हणायचा. "उदाहरणार्थ, एक मुलगी रोज म्हणते, कशाला आलात? आणि सहा वाजायला आले की दाराकडे बघते."

"कॅमेरा आतल्या बाजूलाही बघतो?"

"कॅमेरा नाही... मी बघतो."

मी लेसची गुंडाळी उगाच उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. मला तो आवडत होता, भयंकर आवडत होता, आणि त्याच वेळी भीतीही वाटत होती. उद्या याच्याच पडद्यावर माझं दुकान लाल रंगात दिसलं तर? तर मी याच्यावर चिडू शकेन का?

हंगाम संपला. निकालाच्या दिवशी ऑफिसात सगळे दाटीवाटीने बसले होते. मी आत्याच्या शेजारी. पडदा उजळला. शाखांची नावं एकेक करून खाली सरकली आणि माझं दुकान... हिरवं! जीव भांड्यात पडला. बाबांनी तर टाळी वाजवली.

"या छोट्या दुकानाने कमाल केली," आकडेमोड्याच्या कंपनीचे साहेब सांगत होते. "रोज नवीन गिऱ्हाईक! आणि एका मालाला तर प्रचंड मागणी आहे. सिस्टिमचा सल्ला आहे की पुढच्या हंगामासाठी पोतंभर मागवा." त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर भलंमोठं चित्र उमटलं. निळं बटण. बाहीचं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक. नंबर न देणारं प्रत्येक गिऱ्हाईक नवीन धरायचं आणि नव्याला जादा गुण द्यायचे, हा नियम त्यानेच बनवला होता आणि त्याच नियमाने तो एकटा माणूस गर्दी होऊन बसला होता!

तो उठायला लागला. मी मान हलवली... नको. गप्प बसा ना. तुमचं काम चोख ठरतंय, माझं दुकान वाचतंय, कुणाचं काय बिघडतंय? त्याने माझ्याकडे पाहिलं, क्षणभर थांबला आणि तरीही उभा राहिला.

"हे चूक आहे," तो म्हणाला. "ती गर्दी नाही. तो मी आहे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. आत्याने चष्मा काढला.

"तुम्ही? रोज? बटणं?"

"बटणं... निमित्त होतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्या माझ्याकडे वळली. "आणि तू गं? प्रत्येकाचा नंबर घ्यायचा नियम आहे ना? याचा का नाही घेतलास?"

खोटं बोलता आलं असतं. पण तो तिथे एकटा उभा होता, सगळ्यांसमोर, माझ्यामुळे.

"कॅमेरा बिघडला तर फोन करायला याने नंबर दिला होता, तो मला पाठ होता, आत्या," मी म्हटलं. "टाकला असता तर हा रोज येतो हे तुला दिसलं असतं... आणि तू त्याचं येणं बंद केलं असतंस."

बाबा छताकडे बघत होते.

"ती बटणं हिशेबातून काढा," आत्या म्हणाली. "मग दाखवा."

त्याने बटणं काढली. माझं दुकान हिरव्यातून पिवळ्यात आलं आणि पिवळ्यातून लाल झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, रडू दुकानाचं होतं, पण त्याचा राग मात्र येत नव्हता. मी त्या लाल पट्टीकडे बघत राहिले आणि एकदम सुचलं.

"आकडेमोडे! माझ्याकडे झिप नाहीतर अस्तर घेऊन गेलेल्या बायका कापड कुठे घेतात? मी रोज त्यांना मोठ्या दुकानात पाठवते. सगळ्या शाखांचे नंबर एकमेकांना जोडून बघता येतील?"

त्याचे डोळे चमकले. "येतील. आम्ही प्रत्येक शाखा वेगवेगळीच बघत होतो..."

बोटं कीबोर्डवर धावली. पडद्यावर गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय... मी कधी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, मला कळलंच नाही. मग एकेक रेघ उमटू लागली. माझ्या इवल्याशा दुकानातून निघालेली प्रत्येक रेघ आत्याच्या मोठ्या दुकानात शिरत होती. सुटाचं कापड, पडद्यांचं कापड, ढिगाने!

आत्याने एकेका रेघेवरून बोट फिरवलं.

"दुकान राहील," ती म्हणाली. "आणि पैसेही घालते. यंत्र कुठे फसलं हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा माणूस मला याआधी भेटलेला नाही." तिने चष्मा घातला. "पोतंभर बटणं मात्र मागवायची नाहीत!"

संध्याकाळी सहाला मी दाराकडे बघत होते. उघडपणे.

तो आला आणि त्याने खिसा काउंटरवर रिकामा केला. निळी बटणं टपटपत सगळीकडे पसरली.

"परत घेता?"

"विकलेला माल परत घेत नाही. तिथे पाटी आहे."

"मग मलाच ठेवून घ्या. त्याची काही पाटी दिसत नाही."

मी हसत त्याचा हात ओढला आणि थबकले. पहिल्या दिवशीचाच शर्ट, आणि उजव्या बाहीला अजूनही टाचणीच होती!

"अरे... एवढी बटणं नेलीस, एक लावून घेता आलं नाही तुला?"

'तुम्ही' कुठे गळून पडलं, देव जाणे.

"लावलं असतं," तो हळूच म्हणाला, "तर यायला कारण काय उरलं असतं? मला तू आवडतेस, टाचणी. पहिल्या दिवसापासून."

मी सुईत दोरा ओवला. दोनदा चुकला. मनगट माझ्या हातात, त्याचा श्वास माझ्या केसांपाशी. मी टाके घालत राहिले, लागतात त्यापेक्षा खूप जास्त. तेवढ्यात फोन वाजला. आत्या!

"अगं, इथे पडद्यावर दिसतंय, तुझ्या दुकानात एक गिऱ्हाईक शिरलंय. केव्हाचं बाहेर पडत नाही आणि बिलही होत नाही. कोण आहे?"

मी दातांनी दोरा तोडला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो श्वास रोखून उभा होता.

"गिऱ्हाईक नाही गं, आत्या," मी म्हटलं. "घरचंच माणूस आहे."