परत न घेतलेला आवाज

गवयाला मुलं आवडत नसत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला उगाच त्याची दया यायला नको. शाळेतल्या गाण्याच्या बाई महिन्यापूर्वी वारल्या. दुसरं कुणी मिळेपर्यंत मुख्याध्यापिकेने याला बोलावलं आणि घरी माश्या मारण्यापेक्षा बरं, म्हणून हा आला. पण ऐट अशी, की शाळेवर उपकारच. रविवारी मोठ्या सभागृहात त्याचं गाणं होतं, अकरा वर्षांनी पहिलं. ते रंगलं तर चार लोक पुन्हा विचारतील, नाहीतर संपलंच सगळं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आवाज जपत, गळ्याला मफलर गुंडाळून तो गुरुवारी दुपारी वर्गात शिरला.

चौदा मुलं बुटक्या खुर्च्यांवर गोल करून बसली होती. पंधरावी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर एक निळी उशी. तिच्या शेजारचं स्टूल मुलांनी सरांसाठी ठेवलं होतं.

"काय शिकवायच्या तुमच्या बाई?"

पुढचे दात पडलेली एक मुलगी म्हणाली, "आधी भुंगा. मग मांजर. मग फुंकर मारून पीस तरंगत ठेवायचं. शेवटी आवाज पुढे द्यायचा."

"आणि गाणं?"

"बाई म्हणायच्या, ते येतं आपोआप."

गवई नाकातून हसला. "आम्ही बारा वर्षं घसा फोडला, आणि यांना आपोआप. म्हणा बरं 'सा'."

चौदाही जणांचा 'सा' पहिल्याच झटक्यात बरोबर लागला. तेव्हा तर तो जास्तच चिडला. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही अशा जातीचा माणूस.

मुलांनी आवाज पुढे देण्याचा हट्ट धरला. डोळे मिटायचे, एकाने गुणगुणायचं, तो सूर तुटायच्या आत शेजाऱ्याने उचलायचा, आणि फिरून आला की ज्याचा त्याने परत घ्यायचा. पोरांची कटकट मिटावी म्हणून गवयाने आपला तो प्रसिद्ध, भारदस्त, खालचा सूर दिला.

सूर मुलामुलांतून फिरत गेला. चौदावं मूल थांबलं. पुढे रिकामी खुर्ची. सूर तिथे तुटायला हवा होता...

तुटला नाही. अगदी शेजारून, उशीच्या दिशेने, तो घोगरा घोगरा येत राहिला. घशाला लावायच्या औषधाचा उग्र वास आला. गवयाने डोळे उघडले. सगळ्या मुलांची तोंडं बंद होती.

"सर, घ्या ना आता..." मुलगी कुजबुजली. "परत घ्यायचा असतो."

घाबरला होता तो, चांगलाच घाबरला होता. पण असल्या माणसांची भीतीसुद्धा तोऱ्यातच बाहेर पडते. "ठेवा तुमच्याकडेच," तो म्हणाला. "असल्या पोरखेळाला माझ्याकडे वेळ नाही." घंटा झाली नव्हती, तरी तो निघून गेला.

शुक्रवारी सकाळी रियाजाला तोंड उघडलं, तर नुसती हवा. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि घसा अगदी स्वच्छ आहे म्हणाले. रविवारला दोन दिवस उरले होते. अकडू माणूस, पण दुपारी धावतच वर्गात आला आणि फळ्यावर लिहिलं, 'माझा आवाज परत द्या.'

"आमच्याकडे नाही, सर," मुलगी म्हणाली. "तुम्ही ठेवा म्हणालात, म्हणून बाईंनी ठेवला. त्यांचा स्वतःचा घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला होता ना. शेवटचं वर्षभर खुणांनी शिकवायच्या."

तो स्टुलावर बसला. डोळे मिटले. मुलांनी सूर फिरवला, तो निळ्या उशीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग त्या खुर्चीतून गवयाचा आवाज आला. तोच, मफलरमध्ये जपलेला.

"भूंऽऽऽ," आवाज म्हणाला. मग, "म्यांव."

मुलं खदखदून हसली. गवयाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हुंदक्यालाही आवाज लागतो, तो कुठून आणणार? दारावरून जाताना मुख्याध्यापिका क्षणभर थांबल्या. "छान रमलात हो मुलांत," असं कौतुकाने म्हणून पुढे गेल्या.

"शाब्बास," खुर्चीतला आवाज मायेने म्हणाला. "आता आपल्या नव्या मुलाला पीस द्या. त्याला आवाज लागत नाही."

मुलीने त्याच्या तळहातावर पांढरं पीस ठेवलं. दुसरं काय करणार, त्याने फुंकर मारली. पीस वर गेलं, तरंगत तरंगत निळ्या उशीवर आलं आणि खाली पडायचं थांबलं. कुणीही फुंकत नव्हतं. शाळा सुटेपर्यंत ते तिथेच वर-खाली, वर-खाली होत राहिलं.