भिंतीपलीकडची गाणारी

ही गोष्ट मी कुणाकडून उडत उडत ऐकलेली नाही. जिच्या बाबतीत हे सगळं घडलं ती व्यक्ती म्हणजे माझा सख्खा मामा, वीरधवल. आज मदुराईत त्याचं सोनं गाळायचं दुकान आहे. खोटं वाटत असेल तर खुशाल जाऊन विचारा. फक्त पंख्याची घरघर असेल, माणसांचा गलका असेल अशाच जागी विचारा. शांत जागी तो या विषयावर अवाक्षर काढत नाही.

साल १९९४. गणपतीच्या आधीचा ऑगस्ट. वार बुधवार. जागा, सांगलीजवळचं माधवनगर.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती...

मामा तेव्हा विशीत होता. कॉलेजच्या नावाखाली सांगलीत खोली घेऊन राहायचा, पण सगळा जीव गिटारमध्ये. माझे आजोबा लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. साताऱ्याजवळच्या गावी उसाची शेती बघायचे. त्यांना गिटार म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा वाटायचा.

त्यांनी मामाला एकदाच बजावलं.

"गणपतीत सातारला तुझा प्रोग्राम हाय म्हणतोस न्हवं? मी सोता येतो ऐकायला. जमलं तर तुझं तू बग. न्हाई जमलं, तर दसऱ्याला गपगुमान दादासोंसंगं मदुराईला जायचं. भट्टीवर बसायचं."

दादासो म्हणजे आजीचे विट्याचे भाऊ. त्यांचं तिकडं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान होतं. मामाला त्या भट्टीचं नाव काढलं तरी घाम फुटायचा.

बरं, प्रोग्राम कुणाचा? तर सांगलीच्या देवदत्तच्या ऑर्केस्ट्राचा. देवदत्त स्वतः कीबोर्ड वाजवायचा, अश्लेषा नावाची मुलगी गायची आणि मामा गिटारवर. म्हणजे अजून पक्का नव्हताच, "बघू, जमलं तर घेऊ" या बोलीवर होता.

आणि जमतच नव्हतं.

पुस्तकात गाण्याच्या ओळीवर कॉर्ड छापलेल्या असल्या की मामा झकास वाजवायचा. पण ऑर्केस्ट्रात पुस्तक उघडायला वेळ कुणाला असतो? प्रेक्षकांतून फर्माईश येणार, अश्लेषा आपल्या गळ्याला सोसेल त्या पट्टीत गाणं उचलणार आणि गिटारवाल्यानं ओळ संपायच्या आत सूर धरायचा. नुसत्या कानावर. इथंच मामाचं घोडं पेंड खायचं.

मग त्यानं एक चोरटी युक्ती काढली. तो देवदत्तच्या डाव्या हाताकडं बघायचा. देवदत्तची बोटं कीबोर्डच्या ज्या पट्ट्यांवर पडतील त्यावरून कॉर्ड ओळखायचा. तीन आठवडे कुणाला पत्ता लागला नाही.

एके दिवशी देवदत्तच्या लक्षात आलं. त्यानं गळ्यातला टॉवेल काढला आणि आपल्या डाव्या हातावर टाकला.

मामाची दांडी गुल! अश्लेषा एका सुरात, मामा भलत्याच सुरात. त्यानं एक कॉर्ड लावून बघितली, दुसरी बघितली, तिसरी बघितली...

"वीरधवल, ते काय कुलूप आहे का? एकेक किल्ली लावून बघतोयस," देवदत्त म्हणाला.

अश्लेषा हसू दाबत म्हणाली, "तुमचं ठरलं की सांगा हं. तोवर मी चहा घेते."

मामा त्या दिवशी खोलीवर जाऊन रडला. रागारागात त्यानं गिटारची एक तार ओढून तोडली. मग नवी तार आणायला त्यालाच उन्हातून पायपीट करावी लागली, तेव्हा स्वतःचाच आणखी राग आला.

देवदत्त माणूस वाईट नव्हता. त्यानं तालमीच्या खोलीची किल्ली मामाला दिली. "दुपारी तिथं कुणी नसतं. डोळे मिट आणि घास. पण गणपतीच्या आत कान तयार झाला नाही, तर मी दुसरा मुलगा बघणार. आत्ताच सांगतो."

ही खोली माधवनगरात होती, एका यंत्रमागाच्या शेडला लागून. एरवी दिवसा तिथं मागांचा असा खडखडाट, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. फक्त बुधवारी त्या शेडला विजेची सुट्टी असायची.

म्हणून मामा बुधवारी गेला.

माग बंद. पंखा बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मामानं सेलवर चालणाऱ्या टेपवर गाणं लावून साथ करायचा प्रयत्न केला. चुकला. परत लावलं. परत चुकला. शेवटी त्यानं वैतागून टेप बंद केला आणि डोकं भिंतीला टेकलं.

आणि तेव्हा...

भिंतीपलीकडून गाणं ऐकू आलं.

बाईचा आवाज. हळू, पण स्वच्छ. पाळण्यासारखी काहीतरी चाल होती. शब्द नीट कळत नव्हते.

मामाला वाटलं, असेल कुणा कामगाराची बायको. आयती गायिका मिळाली म्हणून त्यानं गिटार उचलली आणि अंदाजानं एक कॉर्ड वाजवली.

चुकीची.

आवाज थांबला.

थोड्या वेळानं... पहिल्यापासून सुरू झाला.

मामानं दुसरी कॉर्ड लावली. तीही चुकली. आवाज पुन्हा थांबला. पुन्हा पहिल्यापासून.

असं किती वेळ चाललं देव जाणे. मामा चुकायचा, ती थांबायची. हसणं नाही, रागावणं नाही, टोमणा नाही. नुसतं थांबणं. मामाला ते देवदत्तच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबायला लागलं. शेवटी तो ओरडलाच, "आवं बाई, चुकलं तर चुकलं! जरा म्होरं तरी जावा की!"

परत पहिल्यापासून.

पण उन्हं कलता कलता एक गंमत झाली. मामाची बोटं आपसूक बरोबर जागी पडली... आणि ती पुढच्या ओळीवर गेली.

मामाला एवढा आनंद कधीच झाला नव्हता. गाणाऱ्या गळ्याबरोबर आपलं वाजवणं चाललंय, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

दोन बुधवार असेच गेले. तिकडं तालमीत देवदत्त टॉवेल टाकून बसायचा, तरी मामा पहिल्याच झटक्यात पट्टी धरायला लागला. अश्लेषा चाट पडली. देवदत्तनं विचारलं, "कुणाची शिकवणी लावलीस रे?" मामा नुसता हसला.

पण माणुसकी म्हणून त्या बाईचे आभार मानावेत असं त्याला वाटलं. पुढच्या बुधवारी तो पाव किलो पेढे घेऊन शेडच्या मागच्या बाजूला, त्या भिंतीपलीकडच्या खोलीपाशी गेला.

तिथं सुलाबाई सावलीत चरख्यावर कांड्या भरत बसली होती. शेडमध्ये मागांच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या तीच भरून द्यायची. मामानं विचारलं, "मावशी, ह्या खोलीत कोण बाई ऱ्हात्यात? गातात बगा."

सुलाबाईचा हात थांबला.

"हितं कोण ऱ्हातंय बाबा? सूत हाय नुसतं. बग की खिडकीतनं."

मामानं खिडकीतून आत पाहिलं.

सुताची पोती. जमिनीपासून थेट छपरापर्यंत. भिंतीला घट्ट चिकटून. माणूस बसणं सोडाच, मांजर शिरायलाही जागा नव्हती...

मामाच्या हातातले पेढे तसेच राहिले.

"तुला बी ऐकू येतंय व्हय?" सुलाबाईनं आवाज बारीक केला. "आमास्नी समद्यांस्नी येतंय. माग बंद पडलं की येतंय. ऐकायचं आन् सोडून द्यायचं. संगं गुणगुणायचं न्हाई, मान बी डुलवायची न्हाई. रातच्याला कुणी हाक मारली तर लगीच ओ देतो का आपण? तसंच हाय ह्ये."

"कोण हाय ती?"

"आजपातूर कुणी इचारलं न्हाई. तू... तू न्हाई न्हवं काय वाजीवलंस तिच्यासंगं?"

मामा हातातल्या पेढ्यांकडं बघत राहिला. सुलाबाईला काय समजायचं ते समजलं. तिनं चरखा उचलला आणि ती उन्हात जाऊन बसली. भिंतीपासून लांब.

शहाणा माणूस तिथून सुटला असता. पण मामाची गोची बघा. गणपती तोंडावर आले होते. जन्मात पहिल्यांदा कान लागला होता. आत्ता सोडलं तर परत तेच कुलूप आणि त्याच किल्ल्या, आणि मग मदुराईची भट्टी.

मामा परत तालमीच्या खोलीत गेला.

ती सुरू झाली होती...

त्या दुपारी मामाकडून एकही चूक झाली नाही. पहिल्यांदाच ते गाणं शेवटपर्यंत गेलं. शेवटची कॉर्ड विरली. सगळं शांत झालं. मामानं डोळे मिटूनच सुटकेचा श्वास सोडला.

मग दुसरं गाणं सुरू झालं.

पण आवाज भिंतीपलीकडून येत नव्हता...

खोलीतून येत होता. मामाच्या अगदी डाव्या खांद्याशी.

चपला, टेप, पेढे सगळं टाकून मामा गिटारसकट जो पळाला तो थेट स्टँडवर येऊन थांबला. परत त्यानं त्या खोलीचं तोंड पाहिलं नाही. तालमीला जाणंच त्यानं बंद केलं. घसा धरलाय, ताप आलाय, काय वाट्टेल त्या थापा मारल्या.

पण साताऱ्याचा प्रोग्राम चुकवता येणार नव्हता. आजोबा येणार होते.

रात्री आठच्या सुमाराला चौकातल्या मांडवात प्रोग्राम सुरू झाला. आजोबा फेटा बांधून पहिल्या रांगेत. सगळं झकास चाललं होतं. अश्लेषा गात होती, मामा साथ करत होता, लोक टाळ्या वाजवत होते. मामाला वाटलं, सुटलो एकदाचा.

आणि लाइट गेली.

माइक बंद. कीबोर्ड बंद. मांडवात मिट्ट काळोख. मंडळाची पोरं जनरेटरकडं धावली. मामाची गिटार साधी होती, तिला विजेची गरज नव्हती. अश्लेषाचं गाणं अंधारातही चालूच होतं, म्हणून मामाही वाजवत राहिला. ती छान गात होती. नेहमीपेक्षा कितीतरी छान. पाच मिनिटं गेली असतील. लोकही गप्प होऊन ऐकत होते.

जनरेटर सुरू झाला. दिवे लागले.

स्टेजवर अश्लेषा नव्हती.

ती मागच्या पडद्याआडून हातात पाण्याचा पेला घेऊन येत होती. "लाइट गेल्या गेल्या मी थांबले की," ती म्हणाली. "माइकशिवाय कशी गाणार? तुम्ही मात्र एकट्यानं काय सुंदर वाजवलंत हो!"

देवदत्तनंही पाठ थोपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना फक्त गिटार ऐकू आली होती.

सगळ्यांना म्हणजे... एक सोडून.

प्रोग्राम संपल्यावर आजोबा जवळ आले. त्यांचे डोळे भरून आले होते. मामानं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"लेका, चुकलो मी. लय नादर वाजीवतोस. दादासोंस्नी मी सांगतो, तुझा नाद सोडा म्हणून. तू वाजीव खुशाल." मग त्यांनी मामाच्या पाठीमागं पाहिलं. "आन् ती तुझ्या मागं बसून गाणारी बाई कोण रं? अंधारात दिसली न्हाई, पर गळा लय ग्वाड हाय तिचा..."

मामाला जे हवं होतं ते सगळं त्या रात्री मिळालं. बापाचा होकार, ऑर्केस्ट्रातली जागा, तयार कान.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःहून सांगितलं, "आबा, मी मदुराईला जातो."

आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही की पोरानं असं का केलं. ते गेले तेव्हाही मनातून खट्टूच होते. मामानं त्यांना कारण कधी सांगितलं नाही. आम्हाला माहीत आहे ते असं, की गलाईच्या भट्टीचा भाता दिवसभर घुंई घुंई करत असतो. आणि झोपताना मामा उशाशी रेडिओ लावून ठेवतो, स्टेशन लागत नसलं तरी.

गेल्या दिवाळीत तो गावी आला होता. आम्ही घराच्या पुढच्या सोप्यात बसलो होतो आणि लाइट गेली. एकदम सगळं सामसूम.

मोबाइलच्या उजेडात माझं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. डाव्या हाताची बोटं मांडीवर सरकत होती. दाबायची, उचलायची, दुसरीकडं पडायची. गिटार सोडून त्याला तीस वर्षं झाली होती.

मी घाबरतच विचारलं, "मामा... अजून?"

त्यानं आपल्या बोटांकडं पाहिलं. मग म्हणाला,

"माझी चूक झाली, की ती थांबती. तिला थांबवायला तेवढंच ठावं हाय मला."

बोटं चालूच होती.

"लय परयत्न केला गड्या. मुद्दाम चुकायला बगतो. पर आता चूकच होत न्हाई."

मी कान देऊन ऐकलं. मला तर काहीच ऐकू आलं नाही. मग लक्षात आलं की आपण कान देतोय, आणि मी घाईघाईनं उठून मोबाइलवर मिळेल ते मोठ्यानं लावलं.