आडव्या पट्टीतले दोन स्क्रू

शनिवारी, दिवस कलण्याच्या सुमारास, प्रार्थनामंदिरामागच्या सुतारकामाच्या खोलीत थोरला भाऊ प्रभुभोजनाचे मेज उलटे करून दुरुस्तीस बसला, तेव्हा आपल्या अंतःकरणात धाकट्याविषयी तिळमात्र कटुता उरलेली नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

ते मेज धाकट्याचे पहिले स्वतंत्र काम. गेल्या हिवाळ्यात भर उपासनेत त्याची फळी कडाडून उकलली, प्याला लवंडला आणि शुभ्र वस्त्रावर द्राक्षारस पसरत गेला... त्या स्तब्धतेत थोरला उठून म्हणाला होता, "दोष माझा आहे." ते असत्य होते, परंतु प्रेमाचे असत्य होते, निदान तो तसे मानीत आला होता. धाकटा मान खाली घालून गप्प राहिला, आणि नेमके ते मौनच थोरल्याच्या जिव्हारी लागले. थोरल्याने दूषणाचा एक शब्द उच्चारला नाही. मात्र दुसराही कोणता शब्द उच्चारला नाही. अखेर धाकटा खोकी ठोकणाऱ्या कारखान्यात लागला आणि वेगळा राहू लागला. दर रविवारी थोरला गुडघे टेकून मागत असे... त्याला क्षमा करण्याचे बळ मला दे.

मेजाखालच्या आडव्या पट्टीवरची धूळ पुसताना त्याचा हात थबकला. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते, आक्रसते. म्हणून धाकट्याने स्क्रूंसाठी लांबट भोके ठेवली होती, फळीला सरकायला जागा होती. परंतु त्यांच्या शेजारी आणखी दोन स्क्रू थेट फळीत आवळलेले होते, आणि दोहोंच्या माथ्यावरची खाच अगदी एका रेषेत होती. खाचा अशा जुळवण्याचा सोस घरात एकालाच होता. त्याला आठवले... मेज पोचते करताना फळी किंचित हलली, तेव्हा 'पोरानं ढिलंच ठेवलंय' असे पुटपुटत त्यानेच ते स्क्रू जाता जाता पिळले होते. भेग तिथूनच निघाली होती!

स्क्रू काढून भोके बुजवली असती, तर कोणाला कळणार होते? त्याने पेचकस उचललाही. पण ज्या मेजावर ख्रिस्ताच्या मोडलेल्या देहाचे स्मरण करायचे, त्याच्या पोटात हे कसे बुजवावे? ज्या क्षमेचा तो दाता होऊन बसला होता, तिचाच तो याचक होता. तो तिथेच भुशात गुडघ्यांवर आला, आणि इतके दिवस दुसऱ्याच्या नावाने मागितलेली क्षमा त्याने प्रथमच स्वतःसाठी मागितली.

मग तो तसाच, भुशाने माखलेल्या गुडघ्यांनी, धाकट्याच्या दारी गेला.

"मेजातले ते दोन स्क्रू माझे होते रे."

"माहीत आहे, दादा. फळी उकलली त्याच दिवशी मी वाकून पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू भर मंडळीत माझ्यासाठी उभा राहिलास. तुझं ते मोठेपण मला मोडवेना." धाकटा किंचित हसला. "आणि बोलणार कुणाशी? जेवताना मीठसुद्धा वहिनीमार्फत मागत होतास तू."

"मी तुला क्षमा करत बसलो होतो... तूच मला क्षमा कर. उद्या प्रभुभोजनाआधी मंडळीलाही खरं सांगणार आहे."

"ते उद्या सांग. आत्ता मेज उलटंच टाकून आला असशील. चल."

खोलीत थोरल्याने फळी धरली आणि धाकट्याने ते दोन स्क्रू काढले. मग दोघांनी मिळून भेगेवर आडवे, फुलपाखरासारखे मध्ये निमुळते लाकडी तुकडे ठोकून ती सांधली. फळी पुन्हा लांबट भोकांच्या आधारावर बसवताना थोरल्याचा हात सवयीने एक स्क्रू घट्ट पिळू लागला. धाकट्याने हलकेच त्याचे मनगट धरले. थोरल्याने पेचकस त्याच्या हाती दिला.

मेज सुलटे झाले, तेव्हा थोरल्याची बायको, जिने दोघांच्याही मौनात रोज ताटे वाढली होती, दारातून पुढे आली. तिने दोन्ही तळवे फळीवर टेकून अंगाचा सारा भार टाकला.

"भेग दिसतेय," ती म्हणाली. "पण मेज हलत नाही."